जपानी चाक आणि डेरिक तांडेल

"पप्पा, तू व्हता ना त्या दिसाला होडीवर? मंग मना सांग, चाक अडकला कसा?"

"अडकला म्हंजे अडकला. मी काय त्याच्या पोटात शिरलू व्हतू?"

"जेन्सन बोलतो, खोलून बगला त्यानी. आत काय पन नाय. सगला सरल चालतो."

"मंग बरा हाय ना. चालतो तर चालू दे."

स्टेफी बापाकडे बघत राहिली. बाप मान वर करीना. पाचूबंदरला घरापुढच्या ओट्यावर मांडीवर जाळं घेऊन तो फाटका भाग विणत बसला होता आणि विणलेलीच गाठ पुन्हा उसवत होता. चाळीस वर्षं जाळी विणलेल्या माणसाची गाठ चुकत नसते. चुकली तर समजावं, लक्ष गाठीत नाही. पण स्टेफीला स्वतःच्या घरातलंच एवढं झालं होतं की ते तिच्या ध्यानात आलं नाही. आईसाठी आणलेली पिशवी तिनं आत ठेवली, अर्धा कप चहा प्यायली आणि वालीवला परत निघाली. जाताना एवढंच म्हणाली, की नवऱ्याने, जेन्सनने, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली, आता गळाच्या रिळाला हात लावायचा नाही म्हणतो.

डेरिकने त्यावर हूं केलं.

हा डेरिक म्हणजे आता जो शहरी हौशी लोकांना फायबरच्या होडीतून गळ टाकायला नेतो तो. पण बंदरावर त्याला कुणी होडीवाला म्हणत नाही. त्याला तांडेल म्हणतात, आणि तेही गरीचा, म्हणजे गळाचा, तांडेल. जाळ्यातला मासा काय, गाळात बसलेला तो कुणीही ओढून आणतं. डेरिकचं नाव झालं ते हातातल्या दोरावर. गरीला आमिष म्हणून माकूल लावायचं, दोर सोडायचा, तर्जनीवरून घ्यायचा आणि बसायचं. खाली अंधारात कोण आलंय ते हा बोटावरून सांगायचा. शिंगाळा असेल तर तोंड वाकडं करायचा. घोळ असेल तर काहीच बोलायचा नाही, फक्त पाय फाकून बसायचा. मग होडीतल्या बाकीच्यांनी आपापले दोर गुंडाळून गप राहायचं. त्याच्या तर्जनीच्या पेरावर आडवी खाच आहे, विहिरीच्या काठावर दोरखंडानं पडते तशी. लहानपणी स्टेफी त्या खाचेत पेन्सिल ठेवायची.

हे त्याला शिकवलं त्याच्या बापसानं. बापूस फार बोलणारा नव्हता. दोनच गोष्टी त्यानं कान पिळून शिकवल्या. एक, मासा खडपाकडे वळला की दोर सोडायचा नाही. हात कापला तर कापू दे, मासा दगडाच्या कपारीत शिरला की तो तुझा राहिला नाही. आणि दुसरी, मासा सुटला तर दोष हाताचा. दोराचा नाय, गरीचा नाय, वाऱ्याचा नाय. बंदरावर यायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं, माझ्या हातनं गेला. डेरिकने ही दुसरी गोष्ट पुढे अशी काही लावून धरली, की एकदा त्याच्या पुतण्याने, मर्विनने, लिलावाच्या जागी सगळ्यांसमोर "दोरच कुजका व्हता" असं म्हटल्यावर त्यानं त्या बाप्या माणसाच्या कानाखाली काढली होती. मर्विन तेव्हा दोन पोरांचा बाप होता.

पुढे मोठी बोट विकली. त्याचं रडगाणं डेरिकने कधी गायलं नाही, आपणही नको. एक फायबरची होडी ठेवली. मग रीळवाले यायला लागले.

पहिल्यांदा हे लोक आले तेव्हा क्लाराला, डेरिकच्या बायकोला, वाटलं की मोबाइलवर नाचायचं रील करायला आलेत. तिनं आपली पाटी उचलून बाजूला ठेवली, उगाच फोटोत यायला नको. पण ते वेगळेच निघाले. डॉक्टर, बँकवाले, कंपनीवाले. उन्हापासून डोळ्यांपर्यंत तोंड झाकलेले. त्यांच्या पेटीतून जपानी रिळं निघायची, मखमली पिशवीत ठेवलेली, लग्नाच्या अंगठीसारखी. एका रिळाच्या किमतीत आपल्याकडे चांगलं सेकंडहँड इंजिन येतं, हे ऐकल्यावर क्लारानं कपाळाला हात लावला होता. "आन मासा घरी नेत नाय? फोटो काढून सोडते? मंग मासा पन येडाच, परत पकडला जाते."

डेरिक मात्र हसला नाही. त्याला ते चाक आवडलं होतं; कुणापाशी बोलला नाही एवढंच. मुठीएवढं पण जड, फिरवलं तर आवाज नाही, जणू लोण्यात फिरतंय. खाऱ्या पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून रबराची कडी. आणि वर एक गोल बटण. त्याला ते लोक ड्रॅग म्हणायचे, डेरिक ब्रेक म्हणायचा. ब्रेक आवळला की दोरा जड सुटतो, सैल केला की हलका सुटतो. मोठा मासा पळाला की चाक किर्रर करून दोरा देत राहतं. माणूस नुसता काठी धरून उभा. मासा दमतो, मग ओढतात. इथंच डेरिकला खटकायचं. पळणाऱ्या माशाला दोरा द्यायचा? तो किर्रर आवाज ऐकला की त्याची तर्जनी आपोआप वळायची.

आता यात जावई कसा आला ते सांगायला हवं. जेन्सन किल्लाबंदरचा, कोळ्याचाच पोर, पण दर्यात उलट्या करायचा म्हणून बापाने वालीवच्या कारखान्यात लेथवर चिकटवला. डेरिकला असा जावई आधी पटला नव्हता. होडीत बसला की कडेला डोकं बाहेर काढून राहणारा कोळी कसला? पण हात बारीक कामाचा. एकदा एका गिऱ्हाइकाचं चाक खाऱ्या पाण्यात बुडालं, मुंबईचा दुकानदार म्हणाला जपानला पाठवावं लागेल. डेरिकने ते जावयाकडे दिलं. जेन्सनने रात्रपाळी करून आल्यावर सगळं खोललं, एकेक चकती पांढऱ्या फडक्यावर मांडली, पुसली, ग्रीस लावलं आणि बसवलं. तेव्हापासून त्याच्याकडे रिळं यायला लागली. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आला की खिडकीपाशी बसायचा. हौशी लोकांच्या मोबाइलच्या ग्रुपवर त्याचं नाव झालं: वालीवचा जेन्सन. लेथवर त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, इथं मारायचे. स्टेफी एकदा आईला म्हणाली होती की हा आता जेवताना बोलतो पण.

डेरिकलाही बरं वाटलं होतं. जावई दर्यात नाही आला तरी दर्याच्या कामाला आला.

ज्याच्यामुळे सगळं झालं तो परेश, गास गावातला दाताचा डॉक्टर. वाडीवाल्यांचा पोर. त्याच्या आजाच्या केळीला खत म्हणून डेरिकच्या बापसाच्या घरची सुक्या मासळीची कुटी बैलगाडीतून जायची, त्यामुळे परेश त्याला नाखवा न म्हणता काका म्हणायचा आणि डेरिक त्याला डॉक्टर म्हणत असला तरी तूच म्हणायचा. परेश गेली काही वर्षं एकाच माशामागं लागला होता. सकला. खडपाजवळ फिरणारा, तपकिरी पाठीचा, कडेला पांढरा पट्टा असलेला, माणसाच्या कमरेएवढा होतो असा. हे खूळ त्याच्या बायकोला माहीत होतं, दवाखान्यातल्या पेशंटांनाही माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी पाणी सुस्त होतं. होडीत परेश आणि डेरिक, दोघंच. बाहेरच्या खडपावर नांगर टाकला आणि ऊन चढायच्या आत सकला लागला. डेरिकने काठीचं टोक वाकलेलं बघूनच सांगितलं. मासा एकदा वर आला, पाठ दाखवली आणि पुन्हा खाली गेला. चाक किर्रर, किर्रर. माशानं त्याला होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचवलं. अर्ध्याएक तासानं त्याचे हात भरून आले, डोळ्यांत घाम आणि खारं पाणी गेलं, दिसेना. मासाही दमल्यासारखा खाली थांबला होता.

"काका, जरा धरा. डोळे धुतो. काही करू नका हं, नुसतं धरा. पळाला तर पळू द्या, चाक बघून घेईल."

डेरिकने काठी घेतली. आणि काठीतून तो मासा त्याच्या हातात आला. इतकी वर्षं तो हे बाजूला उभा राहून बघत होता. आता थेट अंगात. खाली मासा नुसता शेपटी हलवत होता तेही कळत होतं. मग त्यानं तोंड फिरवलं. डेरिकला समजलं, खडपाकडे. परेशची पाठ होती, बाटलीनं डोळ्यांवर पाणी मारत होता. चाक किर्रर करत दोरा द्यायला लागलं, देतच राहिलं, आणि डेरिकचा हात त्या बटणावर गेला. त्यानं ठरवून नेला नाही. मासा खडपाकडे वळला की दोर सोडायचा नाही. एक पीळ दिला, मग अजून एक.

दोरा तुटल्याचा आवाज बारीकच आला. काठी सरळ झाली.

इथपर्यंत जे झालं ते कुणाच्याही हातनं झालं असतं. चाळीस वर्षांची सवय हातात बसली होती, हात तरी काय करणार? परेशला तिथंच सांगितलं असतं तर तो दोन शिव्या हासडून, डोकं धरून बसला असता आणि बंदरावर येईपर्यंत हसलाही असता. पण परेश वळायच्या आत डेरिकच्या बोटांनी दुसरं काम केलं. आवळलेलं बटण त्यांनी उलटं फिरवलं. जेवढं आवळलं होतं तेवढंच सैल केलं. हे मात्र सवयीनं नाही. असली सवय त्याला नव्हती.

"काय झालं?"

"अडकला," डेरिक म्हणाला. "तुजा चाक अडकला."

परेशनं चाक घेतलं, दोरा ओढून बघितला. आता तो सुरळीत सुटत होता. "आता नीट आहे. म्हणजे लोडवर जाम होतंय," तो म्हणाला. मग चाक फिरवत म्हणाला, "मागच्याच आठवड्यात जेन्सननं खोललं होतं."

डेरिक इंजिनाकडे वळला. तेव्हा बोलायला जागा होती. नंतर पाचूबंदरला यायला दीड तास लागला, तेव्हाही होती. परेश कडेला बसून पाण्याकडे बघत होता, आणि डेरिक सुकाणू धरून त्याच्या मानेकडे.

परेश वाईट माणूस नव्हे. त्यानं शिव्या घातल्या नाहीत, पण ग्रुपवर लिहिलं, की आयुष्यातला मासा गेला, सर्व्हिस केलेलं रीळ ऐन वेळी जाम झालं, आपापली रिळं तपासून घ्या. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, परेशची रिळं कोण खोलतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी जेन्सनला फोन करून आपलं रीळ परत मागितलं, कुणी काही न बोलता दुसरीकडं नेलं. जेन्सन परेशच्या दारात जाऊन ते चाक घेऊन आला, पुन्हा पुन्हा खोलून बघत बसला. आत काही नव्हतं. काही सापडलं असतं तर तो सुटला असता. काहीच न सापडल्यामुळे त्याला वाटायला लागलं की आपल्याला जे दिसत नाही तेच चुकतंय. लेथवर पण तो एकेक माप दोनदा घ्यायला लागला. हे सगळं स्टेफी फोनवर आईला सांगायची आणि डेरिक बाजूला जाळं विणत ऐकायचा.

म्हणून ती त्या दिवशी विचारायला आली होती.

ती गेल्यावर क्लारा बाहेर आली. मच्छी विकून तिचा आवाज असा झालाय की ती हळू बोलली तरी शेजारच्या ओट्यावर ऐकू जातं. त्या दिवशी मात्र ती खरंच हळू बोलली.

"माशाचा काय जाला ते तू कवा सांगलास?"

"कोनला?"

"कोनला पन. तुज्या हातनं सादा शिंगाळा सुटला तरी तू चार दिवस सांगतस. बोटावर कसा आयला, कसा वलला, कसा गेला. कान किटतान आमचे. यवडा सकला सुटला, तू एक सबूद बोलला नाय. मना तवाच समजला."

डेरिकनं एक गाठ उसवली.

"काय समजला?"

"ता तुना ठाव," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन पापडीच्या बाजारात गेली. नवऱ्याला ओरडून काही निघत नाही, एकट्याला बसवलं की निघतं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

रविवारी मिस्साला डेरिक गेला, पण मागच्या बाकावर बसला. एरवी तो पुढे बसून शेजारच्याचं गाणं दाबून टाकायचा. उपदेशात पाद्रींनी काय सांगितलं ते त्याच्या कानात शिरलं नाही. बाहेर पडला तो बस धरून सरळ वालीवला गेला. जाताना मासे न्यायची रीत. लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. यानं मुडदुशा नेल्या, पण पिशवी अशी धरली होती जशी ती दुसऱ्याची आहे.

जेन्सन घरीच होता. सासऱ्याला बघून उठला, खुर्ची दिली. परेशचं चाक अजून खिडकीत होतं, काठीला लावलेलं. चाकाकडं बघत जेन्सन म्हणाला, "पप्पा, तुमी व्हता म्हनून इचारतो. मना एकदा दाखवा. अडकला तवा कसा धरला व्हता?"

डेरिकला वाटलं, आता सांगू. तोंड उघडलं पण. पण जेन्सननं तोवर काठी त्याच्या हातात दिली होती. दोऱ्याचं टोक त्यानं हातमोजा घातलेल्या मुठीला गुंडाळलं आणि तो चाळीतल्या खोल्यांच्या पुढच्या लांब पडवीत चालू लागला. चाक मऊ किर्रर करत दोरा देत गेलं. कुठं अडखळलं नाही. शेजारणी दारात उभ्या राहून बघायला लागल्या, जावई सासऱ्याला कुत्र्यासारखा दोरीनं ओढतोय की सासरा जावयाला.

"असा पलाला?"

"जोरात," डेरिक म्हणाला. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. मासा जोरातच पळाला होता.

"जोरात म्हंजे?"

"खडपाकडं वलला तो."

जेन्सन पळाला. पडवीत पायातली चप्पल फटफटत होती. चाक ओरडायला लागलं, दोरा जात राहिला. आणि मग जेन्सनच्या मुठीला हिसका बसला. तो थांबला. हातमोज्याच्या वरून दोरा रुतला होता. तो वळला.

सासऱ्याचा हात बटणावर होता.

चाक थांबलं होतं. स्टेफी चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. डेरिकनं हाताकडे पाहिलं. बोटं आता पुढचं करायला निघाली होती, उलटं फिरवून सैल करायला. त्यानं ती जागीच ठेवली.

"मी आवललू," तो म्हणाला. "त्या दिसाला. तो डोला धुवत व्हता. मी आवललू न् तुटला. मंग व्हता तसा सैल करून ठेवलू."

जेन्सन मुठीचा दोरा सोडवत हळूहळू आला. काठी त्याच्या हातनं घेतली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं बटणाकडे पाहिलं, एखाद्या कामात चूक सापडावी तसं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. ते उतरलेलं डेरिकला दिसलं. एवढं ओझं आपण त्याच्यावर ठेवलं होतं आणि रोज बाजूला बसून जाळं विणत होतो.

"आवलला ता समजला, पप्पा," जेन्सन म्हणाला. "कोनचा पन हात जाईल. पन सैल कशाला केला?"

डेरिकनं पिशवी उचलून आत ठेवली. चहा थंड झाला. स्टेफीनं मुडदुशा धुवायला घेतल्या आणि भांडी जरा जास्तच आपटली. जेवायला कुणी थांब म्हटलं नाही. तोही थांबला नसता.

सोमवारी भल्या सकाळी परेश बंदरावर येणार होता. बरोबर अनिश नावाचा त्याचा मित्र, नवीन शिकणारा. डेरिकनं वाटेत ठरवलं होतं की परेशला बाजूला घ्यायचं, होडीच्या आडोशाला, आणि सांगायचं. पण पाचूबंदरला सकाळी बाजू नसते. लिलाव चालू, बायका पाट्या घेऊन बसलेल्या, बोंबील उतरतायत, बर्फ फुटतोय. क्लारा तिथंच होती, मर्विन तिथंच होता. परेश गाडीतून काठ्या काढत होता.

बाजूला घेणं राहू दे, असं डेरिकला वाटलं. बापसानं बाजूला घेऊन सांगायला नव्हतं शिकवलं.

"डॉक्टर, तुजा सकला माज्या हातनं गेला," तो म्हणाला. आवाज मुद्दाम चढवला नव्हता, पण तांडेलाचा आवाज इंजिनावरून बोलायची सवय असलेला. बर्फ फोडणारा थांबला. "चाक अडकला नव्हता. तू डोला धुवत व्हता, मी ब्रेक आवललू. तुटल्यावर परत सैल केलू, तुना समजू नये म्हनून. जेन्सनचा काय नाय त्यात."

परेशच्या हातात काठ्यांची पिशवी तशीच राहिली. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा चांगला दात उपटल्यावर डॉक्टरचा चेहरा होईल तसा त्याचा झाला.

"काका, मी त्या पोराचं ग्रुपवर वाटोळं केलं," तो म्हणाला.

"तू नाय. मी."

"नाही, मीपण. विचारायचं तरी होतं त्याला." त्यानं मोबाइल काढला. ग्रुप उघडला. "काय लिहू? बोटीवर चूक झाली एवढं लिहितो. तुमचं नाव नको."

डेरिकला क्षणभर ते गोड वाटलं. अगदी खरं सांगायचं तर तोंडात पाणी सुटावं तसं. नाव नको. ग्रुपवरच्या लोकांना काय, कोण होडीवाला ते. पण काल पडवीत बोटं सैल करायला निघाली होती तेही असंच गोड होतं.

"लिव," तो म्हणाला. "डेरिक तांडेल, पाचूबंदर. लिव."

परेशनं लिहिलं. मग जेन्सनच्या घरी संध्याकाळी स्वतः जाईन म्हणाला. जेन्सन त्याला काय म्हणेल, पुन्हा त्याचं चाक हातात घेईल की नाही, ते जेन्सनचं तो बघेल. डेरिकला त्यात बोलायला तोंड नव्हतं.

मर्विन जवळच उभा होता, गालावरून हात फिरवत. त्याला चांगली संधी होती आणि त्यानं ती सोडली नाही, पण फार ताणलीही नाही. "काका," तो म्हणाला, "दोर कुजका व्हता का?"

बायका हसल्या. एक म्हातारी पाटीमागून म्हणाली, "डेरिक, आता घरी जाऊन क्लाराला ब्रेक लाव, ती जास सुटली हाय." पुन्हा हसल्या. क्लाराही हसली, पण बोंबलाच्या पाटीत बघून. डेरिकनं मान खाली घातली. हे आता दिवाळी-नाताळपर्यंत चालणार, हे त्याला कळत होतं. त्यानं स्वतःच इतकी वर्षं दुसऱ्यांना हे केलं होतं.

पाणी भरायला लागलं होतं. डेरिकनं होडी ओढून घेतली, डिझेलचा डबा आत ठेवला. एरवी परेश काठ्यांची पिशवी त्याच्या हातात देऊन मग उडी मारायचा. आज त्यानं ती खांद्यावर घेतली आणि अनिशचा हात धरून स्वतःच चढला. मुद्दाम केलं नसेल. पिशवी त्यानं पुढच्या टोकाला ठेवली, डेरिकपासून लांब, आणि अनिशला चाकाचं बटण दाखवून सांगायला लागला की आवळायचं किती आणि कधी आवळायचं नाही. मध्येच त्याच्या ध्यानात आलं की कोण ऐकतंय, आणि तो गप्प झाला.

"सांग, सांग," डेरिक म्हणाला. "मी पन आयकतो."

परेश सांगू लागला. डेरिकनं दोर सोडला, इंजिनाची दोरी ओढली, पहिल्यांदा धरलं नाही, दुसऱ्यांदा धरलं. किल्ल्याच्या तटाला वळसा घालून त्यानं होडीचं तोंड बाहेरच्या खडपाकडं केलं आणि उजवा हात सुकाणूवर ठेवला.